कार्डावरचा तिसरा शब्द

तात्यांच्या वर्षश्राद्धाला दोन महिने राहिले असताना दादा कराडच्या छापखान्यातून पुण्यस्मरणाच्या कार्डाचा नमुना घेऊन आला. मजकूर तयारच होता, नाव आणि तिथी तेवढी भरायची. ‘प्रेमळ, मनमिळाऊ व कुटुंबवत्सल स्वभावाचे आमचे वडील...’ आई म्हणाली, बरंय की. दादा म्हणाला, सगळ्यांचं असंच असतं. मी मात्र कार्ड हातात घेऊन त्या तिसऱ्या शब्दापाशी थांबले.

तात्या एसटीत कंडक्टर होते. १९७९ ते २०१३, चौतीस वर्षं. त्यातल्या निम्म्या रात्री तरी मुक्कामी गाडीवर गेल्या असतील. दिवाळीत गाड्या जास्त, म्हणून सुट्टी नाही. गणपतीला मुंबईच्या जादा गाड्या, आषाढीला पंढरपूरच्या. आमच्या घरातल्या गौरीच्या एकाही फोटोत ते नाहीत. आणि तरी तो शब्द खोटा नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. खरा कसा होता ते मात्र कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. त्या रात्री मी ठरवलं, कार्ड नको. सोळा पानांची का होईना, पुस्तिका करायची, आणि त्यात असलं तयार विशेषण एकही घालायचं नाही.

पहिले दोन आठवडे वाया गेले. मी फोन घेऊन नातेवाइकांकडे जायचे, रेकॉर्डिंग सुरू करायचे आणि विचारायचे, ‘तात्या कसे होते?’ प्रत्येकाचं उत्तर एकच. देवमाणूस. कधी कुणाला दुखावलं नाही. मग डोळे पुसणं, मग चहा. घरी येऊन ऐकलं की त्यात तात्या कुठेच नसायचे, कुणाचेही वडील बसले असते त्या वाक्यांत. नंतर मी प्रश्न बदलला. ते तुमच्याकडे आले की कुठं बसायचे? काय खायचे? शेवटचं भांडण कशावरून झालं? मग माणसं बोलायला लागली. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

पहिल्या पानावर जन्मतारीख हवी होती. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि नोकरीच्या कागदांवर १ जून १९५५. आमच्या भागातल्या त्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसं घरोघर सापडतात, कारण जूनमध्ये पोराला शाळेत नेलं की मास्तर वय विचारायचे आणि हिशेब जुळवून तीच तारीख टाकायचे. योगायोग असा की एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली तीसुद्धा १ जूनलाच, १९४८ साली. वर्धापनदिनाला आगारात गाडीला हार घालायचे, साखर वाटायचे. तात्या घरी येऊन सांगायचे, ‘आज माझा आणि एसटीचा, दोघींचा वाढदिवस.’ ‘दोघींचा’ असंच म्हणायचे.

खरी तारीख थोरल्या आत्तीकडे निघाली. आत्ती ऐंशीची आहे. ती म्हणाली, ‘तारीक कुटली ठावं आसायला? पर त्या वर्साला मला ओवसा घावला न्हाय, येवढं ध्यानात हाय.’ ओवसा म्हणजे गौरीपुढचं सुपातलं वाण. गौरी जेवणाच्या दिवशी दुपारी तात्या झाले. घराला सोयर आलं, म्हणून मांडलेल्या गौरी शेजारच्या घरात नेऊन जेवू घातल्या. दहा वर्षांची आत्ती नवा परकर नेसून उंबऱ्यात बसून रडली. आजी आतून ओरडली, ‘रडतीस कशाला, भाऊ आलाय!’ म्हणजे जन्म सप्टेंबरातला, आणि नोकरीतली त्यांची चार महिन्यांची चाकरी त्या मास्तरांच्या १ जूनने खाल्ली. ३१ मे २०१३ ला ते निवृत्त झाले. कागदावरची जन्मतारीख बदलून घ्या असं कुणीतरी सुचवलं होतं म्हणे, पण तात्या म्हणाले होते, मास्तरांनी दिलेला वाढदिवस आहे, राहू दे. पुस्तिकेत मी लिहिलं: जन्म, गौरी जेवणाच्या दिवशी, १९५५.

तात्यांनी डायरी कधी लिहिली नाही. पत्रं नाहीत, फोटो बोटावर मोजण्याइतके. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत मिळाले ते सगळे पैशाचे कागद. विम्याच्या पावत्या, शाळेच्या फीच्या पावत्या, आणि रबराने बांधलेली पतसंस्थेची चार पासबुकं. प्रत्येक पासबुकात कर्ज मागणी अर्जांच्या नकला घडी करून ठेवलेल्या. तिकिटाच्या कोऱ्या भागावर लिहायची सवय असलेल्या माणसाचं ते बारीक, दाबून काढलेलं अक्षर. मी ती पासबुकं तारखेनुसार लावली आणि दोन रात्री वाचत बसले.

१९८४, तीन हजार, धाकट्या बहिणीचं लग्न. १९८६, दीड हजार, पत्नीचं बाळंतपण. ते मी. २००३, पंचवीस हजार, मुलीचं शिक्षण. तेही मीच. दर महिन्याला पगारातून हप्ता कापून गेलेला, आणि एक कर्ज फिटलं की दोन-तीन महिन्यांत दुसरं. चौतीस वर्षांत पूर्ण पगार हातात आला असे महिने मी मोजले. एकोणीस भरले.

एका कर्जाने मला खूप वेळ खिळवून ठेवलं. डिसेंबर १९९३, दहा हजार, कारण ‘घराची भिंत पाडून नवीन बांधणे’. त्या वेळी मी सात वर्षांची होते. आम्ही मांडवाखाली, ताडपत्रीत झोपायचो आणि मला त्याची फार मजा वाटायची. धडधाकट भिंत का पाडली हे आईला आजवर नीट सांगता येत नव्हतं. ‘त्यांच्या मनानं घेतलं,’ एवढंच ती म्हणायची. तारीख पाहिली तेव्हा उलगडलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरताना, किल्लारीचा भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तिकडची घरं मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड धाबं. भिंत फुगली की दगड आतल्या माणसांवर. आमचीही मागची भिंत तशीच होती, दोन हात जाडीची, पणजोबांनी घातलेली. तात्यांनी ती काढून विटा आणि सिमेंटची घातली, कोपऱ्यांत लोखंडाचे खांब उभे केले. घरावर स्लॅब घाला म्हणून गवंडी मागे लागला होता. तात्यांनी हलकी कौलंच ठेवली.

पण इतकी धास्ती का? आमच्या पाटण तालुक्यात कोयनेचे हादरे काही नवे नाहीत. भांडी वाजतात, आपण कूस बदलतो. तात्या मात्र उठून बसायचे. त्यांच्या दुसऱ्या एका सवयीचा आम्हा भावंडांना राग यायचा. आमच्या घरात रात्री दाराला कडी लावायची नाही. दार फक्त लोटायचं. दाराजवळ पोतं, पेटी, खाट काही ठेवायचं नाही. तात्या घरी असले की उंबऱ्याला उशी लावून झोपायचे, थंडीतसुद्धा. मी वयात आले तेव्हा मला उघड्या दाराची भीती वाटायची. मी गुपचूप कडी घालायचे. तात्या पहाटे उठून ती काढायचे आणि सकाळी एक शब्द बोलायचे नाहीत.

हे मी आबांना, म्हणजे तात्यांच्या थोरल्या भावाला विचारलं. खरं तर मी विचारायला गेले होते १९८४ च्या लग्नाबद्दल. निघताना सहज म्हणाले, ‘आबा, तात्या कडी का लावू देत नव्हते?’ आबांनी तोंडातली सुपारी काढून हातात घेतली. रेकॉर्डिंगमध्ये त्यानंतर बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज आहे.

मग ते बोलले. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. आबा आणि आजोबा खळ्यावर राखणीला होते. आजी पडवीत जात्यावर दळत होती. आतल्या खोलीत बारा वर्षांचे तात्या आणि पाच वर्षांची धाकटी आत्ती झोपलेली. जमीन हलली तशी आजी बाहेर अंगणात पळाली. सगळेच पळतात, पाय आपोआप जातात. मागून चौकट वाकली आणि आतलं दार दोन्ही बाजूंनी आवळून बसलं. आतून कडी होती. तात्यांनी ती काढायचा प्रयत्न केला, निघेना. बाहेरून आजी दारावर डोकं आपटत होती. तात्या अंधारात भाताच्या कणगीवर चढले, हाताने आढ्याजवळची कौलं फोडली, बहिणीला आधी वर ढकललं आणि मग स्वतः निघाले. कोयनानगर त्या पहाटे जमीनदोस्त झालं. सगळी मिळून पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही.

‘मग हे आम्हाला कधीच का कळलं नाही?’ मी विचारलं.

आबा म्हणाले, ‘आई पळाली हुती ना. पोरं आत ठिवून. तिनं ते जन्मभर मनाला लावून घ्येतलं आसतं. तात्यानं मला तवाच शपथ घातली, हे घरात बोलायचं न्हाय. धाकटीला तर काईच ठावं न्हाय, ती झोपंत हुती. तिला सांगितलं तर ती आईकडं कसल्या डोळ्यानं बगंल, म्हनायचा.’

बारा वर्षांचं पोर हे म्हणालं. आजी १९९९ मध्ये गेली. त्यानंतरही तात्या बोलले नाहीत.

मी आबांना विचारलं, हे पुस्तिकेत लिहू का? ते म्हणाले, ‘आता आई न्हाय, तात्या न्हाय. मीबी किती दिस. लिही.’

मधले दोन रविवार मी तात्यांच्या मुक्कामी गाडीच्या गावी घालवले. ढेबेवाडीच्या पुढे आत, डोंगराच्या कुशीतलं गाव. गाडी संध्याकाळी साडेसातला यायची आणि पहाटे सहाला निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीत किंवा देवळात झोपायचे. भाकरी गावातून आळीपाळीने यायची. तिथे मला जे मिळालं ते सगळं छोटं छोटं आहे आणि मी त्यातलं एकही गाळलं नाही. कराडला खोली घेऊन शिकणाऱ्या पोरांचे डबे पहाटेच्या गाडीने जायचे. प्रत्येक डब्याला फडक्याची गाठ वेगळी, त्या गाठीवरून तात्या ओळखायचे कुणाचा कुठला. डबा सांडलेला असला तर पोराला कळण्याआधी स्टँडवरून दोन पाव घेऊन वर ठेवायचे. हे मला त्यातल्याच एका पोराने सांगितलं, तो आता तिथल्याच शाळेत शिक्षक आहे. मीही कराडला शिकत असताना माझा डबा असाच यायचा. गाठ आईची असायची. कधी कधी वर पाव असायचे, आणि मला वाटायचं आईने दिलेत.

सुट्ट्या पैशांचं तर गावात दहा जणांनी सांगितलं. सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे उरलेली रक्कम लिहून देतो, उतरताना ती मागून घ्यायची. म्हातारी माणसं विसरून उतरायची. तात्या खिशातल्या वहीत टिपून ठेवायचे आणि पुढच्या फेरीला हाका मारून द्यायचे. त्यांच्याबरोबर पंधरा वर्षं गाडी चालवलेले ड्रायव्हरकाका मला म्हणाले, शेवटच्या दिवशी तीन जणांचे पैसे राहिले होते. दुसऱ्या दिवशी, १ जूनला, आगारात साखर वाटत होते तेव्हा तात्या त्याच गाडीत प्रवासी म्हणून तिकीट काढून बसले, गावात उतरले, तिघांच्या दारी जाऊन पैसे दिले आणि परतीच्या गाडीने आले. आम्हाला सांगितलं होतं, आगारात सत्कार आहे म्हणून उशीर झाला.

एक गोष्ट मी लिहायला कचरत होते. चौथ्या पासबुकात १९९८ ते २००० अशी सव्वीस महिन्यांची एक कपात होती, तिला अर्ज नव्हता. पतसंस्थेतल्या जुन्या कारकुनांनी वही बघून सांगितलं, ही जामीनदाराकडून वसुली आहे. तात्या एका सहकाऱ्याला जामीन राहिले होते. तो आजारी पडला, नोकरी सुटली, कर्ज तात्यांच्या पगारातून कापलं गेलं. १९९८ मध्ये माझ्या वर्गाची रायगडची सहल गेली आणि मला नाही म्हणाले होते. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. बारा वर्षांची होते. ते रात्री उशिरा यायचे, माझ्या उशाशी श्रीखंडाच्या गोळ्या ठेवून जायचे आणि मी त्या मुद्दाम तशाच पडू द्यायचे.

आईला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती लसूण सोलत होती. म्हणाली, ‘न्हाय कसं? त्याच्या बायकोच्या गळ्यात काळी पोत राहिली हुती निस्ती. मीच म्हनलं, कापू द्यात. तुला नको सांगू, ह्येबी मीच म्हनलं. तू त्या बाईच्या पोरीबरूबर एका बाकावर बसायचीस.’

त्या मैत्रिणीचं नाव इथे लिहीत नाही. पुस्तिकेतही लिहिलं नाही. फक्त ‘एका सहकाऱ्याला जामीन राहिले आणि तो शब्द सव्वीस महिने पाळला’ एवढं एक वाक्य ठेवलं. दादाला तेही नको होतं. त्यावरून आमच्यात दोन दिवस चांगलंच वाजलं, शेवटी आईने निकाल दिला.

प्रूफ आईला वाचून दाखवलं तेव्हा तिने एकच वाक्य खोडायला लावलं. मी लिहिलं होतं, ‘तात्यांचं अर्धं आयुष्य घराबाहेर गेलं.’ आई म्हणाली, ‘बाहेर कुटं? पहाटेची गाडी आपल्या फाट्यावरनं जायची तवा दोन बेल मारायचे. गाडी थांबायची न्हाय, निस्ती दोन बेल. मी चुलीपुढनं उठून दारात यायची.’ डबल बेल म्हणजे गाडी सोडा, हे मला ठाऊक होतं. चालत्या गाडीला ती कशाला मारायची, असं ड्रायव्हरकाकांना विचारलं. ते म्हणाले, ‘मला सवयच झाली होती. फाटा आला की मी आपोआप गाडी हळू करायचो.’ खोडलेल्या वाक्याच्या जागी हे बसवलं. शब्द जास्त झाले, पान वाढलं, सोळाची वीस पानं झाली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पानं उठल्यावर आबांनी पुस्तिका मागितली. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. म्हणाले, ‘कडीचं वाच.’ सोप्यात सगळे बसले होते. मी धाकट्या आत्तीला आधी एकटीला सांगायला हवं होतं, हे मला तिथे उभं राहिल्यावर सुचलं, आणि ती माझी चूकच झाली. थांबावं का म्हणून मी आबांकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच सांगितलं, वाच.

मी वाचलं. जातं, चौकट, कणगी, कौलं. आत्ती पदर हातात धरून ऐकत होती. वाचून झालं तरी कुणी बोललं नाही. मग तिने डाव्या हाताची बाही कोपराच्या वर सरकवली. तिथे तिला एक लांब पांढरा व्रण आहे, आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलेला. गुरांच्या गोठ्यात पडली होती, असंच तिला सांगितलेलं.

‘मग आबा, ह्यो?’ तिने विचारलं.

‘कौलाचा,’ आबा म्हणाले.